नातीच्या पायातलं घुंगरू

माझी शाळा चौथीपर्यंत, आणि तीही पुरती नाही. सहामाही परीक्षेच्या दिवसांत आमच्या मुठा खोऱ्यात भात कापणीला येतो. वडील म्हणाले, "कागद काय पळून जात न्हाई, भात जातो." तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर असोत. पण हे मी कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. स्वतःच्या हातानं लिहितोय, कारण यातली एक गोष्ट दुसऱ्याला सांगायची माझ्यात धमक नाही.

दोन वर्षांच्या लेकराला वाढदिवसाला काय द्यावं, हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता. बैल निवडावा तर मी. बैलाचं वशिंड, खूर, दात, डोळ्यांतलं पाणी बघून मी सांगायचो, हा शर्यतीत पळेल, हा नांगराला बरा. आसपासच्या गावची माणसं मला बैल बघायला घेऊन जायची. पण लेकरांचे कपडे, खेळणी, खाऊ हे सगळं आमच्या मंडळींच्या हातात होतं. त्या जाऊन तीन वर्षं झाली. नातीचा पहिला वाढदिवस मी आजारपणात चुकवला, म्हणून दुसऱ्याला आजोळकडून काहीतरी नाव काढण्यासारखं जावं, एवढं माझ्या डोक्यात बसलं होतं.

लेक इथून जवळच, चांदे गावाशेजारी सात मजली इमारतीत राहते. जावई कंपनीत. व्याही लातूरकडचे, नोकरीतून निवृत्त झालेले, तेही तिथंच. लेकीनं आठ दिवस आधी फोन केला.

"आबा, काही आणू नका. तुम्ही या, तेच खूप झालं. आणि आणणारच असाल तर एखादा मोठा चेंडू आणा, नाहीतर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. बारीक वस्तू मात्र आणू नका. हल्ली ती सगळं तोंडात घालते."

"बरं," म्हणालो. पण मनात म्हणालो, चेंडू? आज्जानं चेंडू न्यायचा? व्याह्यांच्या घरात चार माणसांदेखत माझ्या हातात चेंडू?

तरी आधी खेळण्यांच्या दुकानात गेलो. पिरंगुटला रस्त्याच्या कडेला दुकान आहे, एक बाई चालवते. मला एक बैलगाडी आवडली. लाकडी रंगाची, दोन बैल सुटे, गाडीवान सुटा, चाकं फिरणारी.

"किती वर्साचं लेकरू हाय, बाबा?" बाईनं विचारलं.

"दोनाचं होतंय."

तिनं माझ्या हातातून खोका काढून घेतला आणि उलटा करून दाखवला. "मग ह्ये न्हाई चालायचं. हितं बघा, चित्र असतंय. तीन वर्साच्या आतल्याला देऊ नका म्हनून."

मी चष्मा लावून बघितलं. लेकराचं गोल तोंड काढलेलं, आणि त्या तोंडावर लाल रेघेची काट मारलेली. माझ्या अंगावर काटाच आला. आमच्यात लेकराचं चित्र कुणी खोडत नाही. पाटीवर लेकरांनी माणूस काढला तरी त्यावर फुली मारू देत नाहीत. आणि हे तर वाढदिवसाच्या घरात न्यायचं.

"असलं अभद्र कोन छापतंय?" मी म्हणालो.

"आवो, लेकराच्या भल्यासाठीच हाय ते."

"भल्यासाठी तोंडावर काट?"

बाई हसली. म्हणाली, "साधा हिशेब सांगते. जे लेकराच्या मुठीत समदं मावतंय, ते द्यायचं न्हाई. ते तोंडात जानार म्हंजे जानार."

"आमी माती खाल्ली, चिंचोके खाल्ले, बाभळीच्या शेंगा खाल्ल्या. मेलो का?"

"तुमी न्हाई मेला, बाबा," ती खोका परत फळीवर ठेवत म्हणाली. "जी मेली ती दुकानात येऊन सांगत न्हाईत."

मला राग आला. खरं म्हणजे भीती वाटली होती, पण मला भीती वाटली की राग येतो, हे मला फार उशिरा कळलं. काही न घेता मी बाहेर पडलो आणि सरळ सोनाराकडे गेलो. खोका नको, चित्र नको. आजोळचं म्हणून चांदी. नातीच्या पायात पैंजण.

सोनारानं दाखवलेले पैंजण दिसायला चांगले होते, पण वाजायला मुके. मी कानाशी धरून हलवले. घुंगरं थोडी आणि आत खडे नसल्यासारखी.

"आता असंच चालतं, आबा," सोनार म्हणाला. "लोकांना आवाज नको असतो."

"मला पायजे."

घरी मंडळींच्या पेटीत लेकीचे लहानपणचे पैंजण होते. कड्या झिजून गेल्या होत्या, पण घुंगरं जशीच्या तशी. हरभऱ्याएवढी, आणि आवाज असा की परसातून ओळखावा. ती मी बारा घुंगरं सोडवली आणि दुसऱ्या दिवशी परत सोनाराकडे गेलो. तो म्हणाला, "ठेवून जा. एकेका कडीचं तोंड झाळून देतो, म्हणजे उघडणार नाही. दोन दिवस लागतील."

मी पैसे दिले आणि नवे पैंजण उचलले. "झाळायचं न्हाई. माझं मी बसवतो."

यात नुसता हट्ट नव्हता, हे मला सांगायचंय. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ मी चाळीस वर्षं ओवली. त्यात एक रीत असते. घुंगराची कडी पक्की बंद करायची नाही, नुसती पकडीनं दाबायची. बैल पळताना घुंगरू झुडपात, कुंपणात अडकलं, तर घुंगरू निघून आलं पाहिजे, बैलाची मान अडकायला नको. घुंगरू गेलं तर दुसरं मिळतं. मला वाटलं, पोरीचा पाय कुठं अडकला, दाराच्या फटीत, खाटेच्या जाळीत, तर पाय सुटायला हवा. म्हणून मी ओट्यावर बसून बाराच्या बारा कड्या तशाच नुसत्या दाबल्या. सहा या पायात, सहा त्या पायात. पोरीच्या जिवाची काळजी करूनच दाबल्या.

एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही की बैल स्वतःच्या गळ्यातलं घुंगरू उपटून चावत बसत नाही.

रविवारी सकाळी गेलो. पौषातली थंडी होती. घरात फुगे, रंगीत कागद, शेजारपाजारची माणसं. लेक आलेला एकेक खोका उघडायच्या आधी उलटा करून बघत होती आणि काही खोके सरळ कपाटाच्या डोक्यावर टाकत होती. एक चांगली लाल मोटार वर गेली, मणी ओवायचा खेळ वर गेला. मी मनात हसलो. माझ्या वस्तूला खोकाच नव्हता.

विहीणबाईंनी औक्षण केलं. मग मी धोतराच्या कनवटीतून नव्हे, चांगल्या मखमली डबीतून पैंजण काढले. लेकीनं ते हातात घेतले आणि हलवले. आवाज झाला तशी तिनं ते पुन्हा हलवले.

"हे आईनं ठेवलेले?"

"घुंगरं तीच हायेत. पैंजण नवं."

तिचे डोळे भरले. तरी तिनं एक घुंगरू चिमटीत धरून ओढून बघितलं. ते निघालं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "पक्की आहेत ना हो? लेकराचं काही सांगता येत नाही."

आणि तिथं मी बोललो. तीस माणसं असतील. मी म्हणालो, "विहीणबाई, शर्यतीत बैल जीव तोडून पळायचे, तवा माझ्या हातचं घुंगरू कधी पडलं न्हाई. ही तर दोन वर्साची पोर हाय."

सगळे हसले. व्याही म्हणाले, "बघा, आमच्या नातीला बैलांच्या रांगेत बसवलं!" आणखी हसले. लेकीनं पैंजण पोरीच्या पायात घातले. पोर दोन पावलं चालली, थांबली, खाली बघितलं, आणि मग घरभर पळत सुटली. त्या आवाजानं माझी छाती फुगली ते मी कबूल करतो.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. घरात आम्ही पाच मोठी माणसं आणि पोर राहिलो. मी सोफ्यावर डोळे मिटून बसलो होतो. पोर आतल्या खोलीत बराच वेळ गप्प होती. मग ती बाहेर आली, माझ्यासमोरून पळत गेली, आणि माझे डोळे आपोआप उघडले.

उजव्या पायाचा आवाज कमी होता.

दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. पण दोन बैल शेजारून चालले आणि एकाच्या माळेतलं एक घुंगरू कमी असलं, तरी मला अंधारात कळायचं. मी पोरीला जवळ घेतलं, मांडीवर बसवलं, आणि खेळवल्यासारखं करून पाय हातात घेतले. डावा मोजला. माझी सहा आणि सोनाराची चार. उजवा मोजला. माझी पाच.

पुन्हा मोजला. पाच. सहाव्याच्या जागी काहीच नव्हतं. पैंजणावर त्या जागी ओलं लागलं. लाळ होती.

 मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. ती हसत होती. "तोंड उघड गं," मी हळूच म्हणालो. तिनं जीभ काढून दाखवली. तोंडात काही नव्हतं.

त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. लेक दहा हातांवर, स्वयंपाकघरात चहा टाकत होती. जावई, व्याही गॅलरीत बोलत होते. मी ओरडलो नाही. मी स्वतःला सांगितलं, पडलं असेल कुठंतरी, आधी बघून घेऊ, उगाच घर कशाला हादरवायचं. पण खरं ते नव्हतं. सकाळचं माझं बोलणं माझ्या कानात वाजत होतं. माझ्या हातचं घुंगरू कधी पडलं न्हाई.

मी आतल्या खोलीत गेलो. पलंगाखाली बघितलं, गादीची चादर उचलून बघितली, पायपुसणं झटकलं. फुग्यांचे तुकडे, कुरमुरे, एक चमचा. मग बाहेर येऊन गुडघे टेकले आणि सोफ्याखाली हात घातला. माझे गुडघे असे, की एकदा टेकले की उठायला भिंत लागते. तेवढ्यात व्याही आत आले.

"काय हुडकायलात व्याही?"

"तंबाखूची डबी."

"अहो, ती तर तुमच्या खिशातून डोकावायली की!"

मी खिशाला हात लावला. "व्हय की," म्हणालो. ते हसत म्हणाले, "वय झालं आता आपलं." आणि मला हाताला धरून उठवलं. तो हात किती चांगला होता, आणि मी त्यांच्याशी किती खोटं वागत होतो.

चहा आला. मी कप तसाच खाली ठेवला. पोर गालिच्यावर बसून पुठ्ठ्याचं पुस्तक उलटंसुलटं करत होती. मी तिच्या छातीकडे बघत होतो. श्वास वर-खाली, वर-खाली. मला वाटलं, आता थांबेल. आता थांबेल. मग वाटलं, गिळलं असेल तर एरंडेल पाजलं की बाहेर पडेल, कुणाला कळायचंही नाही. पण एरंडेल द्यायचं तर सांगावं लागणार. मग वाटलं, उद्या सकाळी आपसूक बाहेर पडेल. मग आठवलं, त्या घुंगराला खालून चीर असते, आणि चिरेच्या कडा पत्र्यासारख्या असतात. त्या कडा मी स्वतः बोटानं चाचपल्या होत्या. त्या आता एवढ्याशा पोटात असतील. दुकानातलं ते काट मारलेलं गोल तोंड माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

किती वेळ गेला ते नंतर मी मोजलं. चहा उकळून, पिऊन, कप धुऊन होईपर्यंत. पाऊण तास तरी.

मग विहीणबाईंनी पोरीला पाणी पाजलं आणि तिला ठसका लागला.

साधा ठसका होता. लेकरांना लागतो. पण तिचं तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा आवाज माझ्याआधी बाहेर पडला.

"तिनं घुंगरू गिळलंय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेकीनं पोरीला उचललं. "काय?"

"उजव्या पायातलं. एक कमी हाय. मी मोजलं."

जावयांनी काही विचारलं नाही. गाडीची किल्ली घेतली आणि पायात चप्पल न घालता दार उघडलं. लिफ्टमध्ये लेकीनं पोरीच्या पायातले पैंजण ओढून काढले आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात कोंबले. खाली जाईपर्यंत माझ्या मुठीत ते वाजत होते. मी मूठ घट्ट आवळली तरी वाजत होते.

रस्त्यावर रविवारची गर्दी. पोर लेकीच्या मांडीवर झोपी गेली. "झोपू देऊ का नको?" लेक जावयांना विचारत होती. "झोपू देऊ का?" जावई पुढं बघूनच म्हणाले, "श्वास बघत राहा."  आम्ही तिघंही एका श्वासाकडे कान देऊन बसलो होतो.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी पोरीची छाती तपासली, फोटो काढायला पाठवलं. फोटो आला तो त्यांनी दिव्यावर लावला. कोंबडीच्या पिलाच्या असाव्यात तशा बारीक फासळ्या, आणि त्यांच्या खाली पांढरा गोल ठिपका. मी उभ्या आयुष्यात मेलेली जनावरं बघितली, माणसं बघितली. पण त्या ठिपक्याइतकं भयाण काही बघितलं नाही. तो माझ्या हातचा होता.

"श्वासनळीत नाही, हे फार चांगलं झालं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पोटात उतरलंय. शेवटचं खाणं कधी झालं? आणि हे गिळलं कधी?"

"आत्ताच," जावई म्हणाले. "पंचवीस-तीस मिनिटं झाली. निघायच्या जरा आधी."

डॉक्टर बाई ते कागदावर लिहायला लागल्या.

मी दाराजवळ उभा होतो. कुणी मला काही विचारलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तर कुणाला जन्मात कळलं नसतं. पण त्या लिहीत होत्या, आणि त्या काय लिहितात त्यावर पोरीचं पुढचं ठरणार होतं. लिहिलेलं चुकीचं असलं तर?

"तसं न्हाई," मी म्हणालो. "लई आधी. चहाच्या आधी. मला ठावं व्हतं."

लेकीनं मान वळवली. "म्हणजे तुम्हाला माहिती होतं? आम्ही चहा पीत होतो, तेव्हा?"

"व्हय."

"तुम्ही सोफ्याखाली..."

"व्हय. तेच हुडकत व्हतो."

 रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहून ऐकलं असतं. तिनं पोरीचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबलं आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर बाईंनी आधीचं खोडून वेळ नव्यानं लिहिली. म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत, बाबा." त्यांनी बरं म्हटलेलं मला जास्त लागलं.

त्यांनी मग समजावलं. बहुतेक वेळा अशी वस्तू तीन-चार दिवसांत, कधी आठ दिवसांत, आपोआप बाहेर पडते. जुलाबाचं औषध, एरंडेल, काही द्यायचं नाही. नेहमीचं जेवण द्यायचं. उलटी झाली, पोट फुगलं, ताप आला, शी काळी झाली, तर एक मिनिट न थांबता यायचं. आणि प्रत्येक वेळची शी तपासायची. वस्तू दिसेपर्यंत.

"ते मी करीन," मी म्हणालो.

जावई म्हणाले, "मामा, तुम्ही कशाला? आम्ही बघतो."

"मी करीन."

गावाला निरोप धाडला की गुरांचं बघा. आणि राहिलो. लेकीच्या घरी मी त्याआधी एक रात्रसुद्धा काढली नव्हती. लेकीच्या घरचं पाणी पिऊन निघायचं, ही आमची पद्धत. आता मी तिच्या घरच्या न्हाणीघरात पाटावर बसून असायचो.

पोरीचा डायपर बदलला की लेक तो गुंडाळून दाराशी ठेवायची. हातात देत नव्हती. मी प्लास्टिकच्या पिशवीचे हातमोजे घालायचो, आईस्क्रीमच्या काडीनं सगळं पसरवून बघायचो, मग पाण्यात कालवून जुन्या गाळणीतून गाळायचो. मी जनावरांचं शेण जन्मभर काढलं. बैलाच्या पोटात तार गेली तेव्हा शेण चिवडलं आहे. घाण कधी वाटली नाही, इथंही वाटली नाही. पण काडी कशाला तरी लागली की काळीज थांबायचं. मक्याचा दाणा निघायचा. डाळिंबाची बी निघायची. एकदा कडक काहीतरी लागलं, तो बेदाण्याचा देठ होता.

सोमवार गेला. मंगळवारी पोरीनं शीच केली नाही. मी दिवसभर तिच्या पोटावर नजर ठेवून होतो. फुगलंय का? सकाळपेक्षा जास्त फुगलंय का? विहीणबाईंना चार वेळा विचारलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच आजारी पडाल हो." व्याही माझ्याशेजारी येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "माझ्या धाकट्यानं चार आण्याचं नाणं गिळलं होतं. निघालं तवा आमच्या वडिलांनी ते धुऊन देव्हाऱ्यात ठेवलं." मला हसवायला सांगत होते. मी हसलो नाही, पण त्यांना उठूही दिलं नाही.

लेक माझ्याशी कामापुरतं बोलत होती. जेवायला या. हात धुवा. आंघोळीला पाणी काढलंय. आबा हा शब्द त्यात नव्हता.

बुधवारी दुपारी पोरीला उलटी झाली. लेकीचा चेहरा पांढरा पडला. उलटीत दूध आणि केळं होतं, दुसरं काही नाही. दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर बाईंनी विचारलं, एकदाच झाली का, खेळते आहे का. पोर खेळत होती. त्या म्हणाल्या, लक्ष ठेवा. त्या दुपारी मी देवाला काही मागितलं नाही. आजवर देवापुढंही मी ताठच उभा राहिलो होतो, आता कुठल्या तोंडानं हात जोडायचे.

गुरुवारी सकाळी काडी लागली आणि बारीक आवाज झाला. काडीचा आणि धातूचा.

मी ते पाण्याखाली धरलं. काळं पडलं होतं. कडी त्याला तशीच लटकत होती, तोंड उघडं. हलवलं तर वाजलं नाही, आत पाणी गेलं असेल.  तिथूनच हाक मारली. लेकीचं नाव घेऊन मारली की पोरीचं, आता आठवत नाही.

लेक धावत आली. तिनं माझ्या तळहातावरचं घुंगरू बघितलं. हातात घेतलं नाही. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक तोंडावर दाबून रडली. मी पाटावर, ती उंबऱ्यावर. मग डोळे पुसून म्हणाली, "आबा, हात धुवा. साबणानं. कोपरापर्यंत."

मी धुतले. ती बघत बसली. मग म्हणाली, "मला दवाखान्यात कागद दाखवून यायचंय, भाजीही आणायचीय. सासूबाई देवळात गेल्यात, सासरे फिरायला. तासाभरात येते. तुम्ही बघाल ना तिच्याकडे?"

मला वाटलं, नीट ऐकलं नाही. "मी येकटा?"

"हो. तुम्ही."

आणि ती गेली. दार लागलं. घरात मी आणि पोर.

मी कधी कुठल्या बैलाला, माणसाला, नदीच्या पुराला इतका भ्यालो नव्हतो. खोलीत जिकडंतिकडं मुठीत मावणाऱ्या वस्तू दिसायला लागल्या. पेनाचं टोपण. जावयांच्या मोबाईलच्या वायरीचं टोक. फुग्याची गाठ. देव्हाऱ्यातली सुपारी. पोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची आणि तिच्या पायात आता काही वाजत नव्हतं, म्हणून मी तिच्या मागं मागं चालत होतो, एका हाताच्या अंतरावर. माझी तंबाखूची डबी, चुन्याची नळी, चष्मा, सगळं मी कपाटाच्या डोक्यावर टाकलं, त्या लाल मोटारीशेजारी. शेवटी तिला मांडीवर घेऊन गालिच्याच्या मधोमध बसलो. चारी बाजूंनी मोकळी फरशी. इथं काही येऊ शकत नाही, असं मनाला सांगितलं.

तशी तिनं माझ्या सदऱ्याचं वरचं बटण धरलं. पांढरं, हरभऱ्याहून जरा मोठं. धाग्यावर लोंबत होतं. ती ते पिळायला लागली आणि तोंड जवळ आणायला लागली.

मी सदरा डोक्यातून काढला आणि दूर फेकला. आत कोपरी होती, तिलाही बटणं होती. तीही काढली.

लेक येण्याआधी व्याही फिरून आले. किल्लीनं दार उघडलं आणि दारातच थांबले. पौषातली थंडी, आणि मी म्हातारा गालिच्यावर उघड्या अंगानं, नात दोन्ही हातांनी धरून.

"काय हो व्याही," ते म्हणाले, "उकडायलंय का?"

"व्हय," मी म्हणालो. "लई उकडतंय."